रिळाची कडी

“फिरवलं म्हणजे झालं असं समजायचं नाही, सूनबाई. फिरवायचं, आणि मग ओढून बघायचं.”

सासूबाईंचं हे बोलणं सूनबाईच्या कानात कायमचं मुक्काम करून बसलं होतं. लग्न होऊन घरात आली त्याच संध्याकाळी, अंगावरचे नवे कपडे उतरायच्या आधी, सासूबाई तिला हाताला धरून मागच्या अंगणात घेऊन गेल्या होत्या. नव्या सुनेला लोक आधी स्वयंपाकघर दाखवतात, कपाटाच्या किल्ल्या दाखवतात. हिला आधी कोंबड्यांचं खुराडं दाखवलं गेलं. पुढे कितीतरी वर्षं दोघी त्यावरून हसत असत.

खुराडं सासऱ्यांनी स्वतः बांधलेलं होतं. ते हाडाचे सुतार. घरात आणि गल्लीत सगळे त्यांना अण्णा म्हणत. खुराड्याच्या भिंती कुणाच्या तरी जुन्या खिडक्यांच्या, छप्पर एका मोडक्या टेबलाचं, आणि दार म्हणजे कपाटाची एक झडप. बाजारातून कडी विकत आणणं हा त्यांना स्वतःचा अपमान वाटला असावा. सासूबाई घरी शिवणकाम करायच्या. त्यांचं दोऱ्याचं एक रिकामं लाकडी रीळ अण्णांनी उचललं, दाराला भोक पाडून त्यातून सळई घातली, बाहेरच्या टोकाला रीळ बसवलं आणि आतल्या टोकाला लाकडाची एक चपटी जीभ. रीळ उजवीकडे पाव फेरा फिरवलं की आतली जीभ आडवी होऊन चौकटीमागे सरकायची आणि दार बंद. आणखी पाव फेरा फिरवलं की जीभ उभी, दार मोकळं. सासूबाईंच्या हातात सदा बादली नाहीतर टोपली. दोन बोटांनी लावता येईल अशी कडी त्यांनी बायकोसाठी केली होती. आयुष्यात मला दुसरं काही घडवून दिलं नसेल, पण ही कडी मात्र मन लावून दिली, असं सासूबाई अण्णांच्या देखतच सांगायच्या, आणि अण्णा मिशीतल्या मिशीत हसायचे.

त्या कडीत एकच उणीव होती. जीभ आतल्या बाजूला असल्यामुळे दार लागलंय की नाही ते बाहेरून दिसायचं नाही. अण्णांनी रिळावर एक खाच पाडून तिच्यात लाल रंग भरला होता. खाच वर असली की दार बंद. पण हातांनी घासून घासून रंग कधीच उडाला आणि खाचही गुळगुळीत झाली. दार तर जुनं, दमट हवेनं फुगलेलं. नुसतं लोटलं तरी चौकटीत घट्ट बसायचं आणि लावल्यासारखं दिसायचं. कुणी खालच्या फटीत नख घालून ओढलं तरच उघडेल.

आणि नख घालणारा होताच. अंगणामागे नाला, आणि नाल्यापलीकडे काटेरी झुडपांचं रान. त्यात कोल्हा राहायचा. सूनबाईनं पहिल्या वर्षी एकदा भीत भीत विचारलं होतं, की तो खरंच येतो का. सासूबाई म्हणाल्या होत्या, “रोज येतो. आपल्याला दिसत नाही, एवढंच. त्याला काही सुट्टी नसते.”

म्हणून ओढून बघायचं.

दिवस मावळला की दार लावायचं काम अण्णांचं. हातातली करवत गेली, रंधा गेला, नजर मंदावली, तरी ते काम त्यांच्याकडेच राहिलं. दाण्यांचा पत्र्याचा डबा खुळखुळवत ते अंगणात यायचे आणि हळू आवाजात म्हणायचे, “चला बायांनो, उशीर झाला.” अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा. सगळ्यांना सासूबाईंनी नावं ठेवलेली. लंगडी, मास्तरीण, काळी, भांडकुदळ. मास्तरीण नेहमी शेवटी यायची, बाकीच्या आत गेल्या की नाही हे बघितल्यासारखी. ती आत गेली की अण्णा दार लोटायचे, रीळ फिरवायचे, ओढायचे. बिजागरी कर्रकन वाजायची. तो आवाज ऐकू आला की स्वयंपाकघरात सासूबाई ताटं मांडायला घ्यायच्या.

सासूबाईंचं दुखणं चार महिने चाललं. शेवटी शेवटी त्यांची खाट मागच्या खोलीत, अंगणाकडच्या खिडकीशी होती. एका दुपारी सूनबाई त्यांचे केस विंचरत होती. अण्णा पुढच्या खोलीत झोपलेले. सासूबाईंनी तिचं मनगट धरलं आणि म्हणाल्या, की अण्णांचं आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही, परवा त्यांनी मलाच विचारलं, तुमचं गाव कोणतं. हे सांगताना त्या हसल्या. मग हसू मावळलं.

“खुराड्याचं दार त्यांच्याकडेच राहू दे. तेवढं एकच राहिलंय त्यांचं. तू मागून बघत जा. पण त्यांना कळू देऊ नकोस.”

सूनबाई हो म्हणाली. सासूबाईंनी मनगट सोडलं नाही. नुसतं हो नको, शब्द दे, म्हणाल्या. मग तिनं त्यांच्या हातावर हात ठेवून शब्द दिला.

सासूबाई गेल्यावर वर्षभर सगळं बरं चाललं. नंतर एके संध्याकाळी भांडी घासून झाल्यावर खरकटं पाणी मागच्या खड्ड्यात टाकायला सूनबाई बादली घेऊन निघाली, आणि जाता जाता सहज म्हणून खुराड्याचं दार ओढलं. दार उघडलं. आत कोंबड्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. त्यांनी माना वर करून तिच्याकडे पाहिलं. अण्णांनी दार लोटलं होतं. रीळ फिरवायचं राहून गेलं होतं.

तिनं फिरवलं, ओढून बघितलं. बिजागरी वाजली. मागच्या खोलीच्या खिडकीतून अण्णांचा आवाज आला, कोण आहे म्हणून. ती म्हणाली, मीच, पाणी टाकायला आले होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना अण्णांनी कपाकडे बघत विचारलं, “काल मी दार नीट लावलं नव्हतं का?” त्यांचा चेहरा एखाद्या चुकलेल्या मुलासारखा झाला होता. ज्या माणसानं पस्तीस वर्षं लोकांच्या दारांना बिजागऱ्या बसवल्या, एकाचंही दार कधी खाली लोंबू दिलं नाही, तो सुनेला विचारत होता. ती म्हणाली, लावलं होतं की, माझाच पदर अडकला.

त्या दिवसापासून तिनं ओढणं सोडलं.

रोज बादली घेऊन जायचं, चालता चालता डाव्या हाताच्या दोन बोटांनी रीळ पाव फेरा फिरवायचं, आणि पुढे व्हायचं. सुरुवातीला ती बोटांनी अंदाज घ्यायची. जीभ मोकळी असली की रीळ सुरुवातीला हलकं फिरायचं आणि शेवटी, जीभ चौकटीमागे शिरताना, जड व्हायचं. रोज हलकं सुरू होऊन जड थांबायचं. म्हणजे अण्णा रोजच विसरत होते. एक महिना झाला, दोन झाले, तीन झाले. एकदाही त्यांना आठवलं नाही. मग तिच्या बोटांनी अंदाज घेणंही सोडलं. अंगवळणी पडलेल्या कामात माणूस स्वतः हजर नसतो, हात एकटाच जाऊन येतो. तसा तिचा हात जाऊन यायचा.

कुणाला सांगितलं नाही. नवरा गोदामात रात्रपाळीला, दिवस मावळायच्या आधी जायचा तो सकाळी सातला यायचा. त्याला सांगितलं असतं तर त्यानं त्याच दिवशी बाजारातून कडी-कुलूप आणलं असतं आणि बापाला म्हटलं असतं, आता राहू द्या अण्णा. आधीच एकदा शेगडी चालू राहिली होती. एकदा अण्णा कोपऱ्यावरून घरी यायचा रस्ता विसरले होते आणि बेकरीवाल्यानं त्यांना आणून सोडलं होतं. नवऱ्याची बहीण, गल्लीत सगळे तिला ताई म्हणत, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. फोनवर ती दर आठवड्याला म्हणायची, की अण्णांना माझ्याकडे आणून सोडा, एक दिवस काहीतरी होऊन बसेल. नवरा म्हणायचा, बघू. आणखी एखादी चूक झाली की ‘बघू’चं ‘चला’ होणार, हे सूनबाईला ठाऊक होतं. म्हणून डोळ्यांत तेल घालून ती एकच गोष्ट सांभाळत होती, की अण्णांची चूक कुणाच्या नजरेला पडू नये.

ज्या संध्याकाळी घात झाला, त्या संध्याकाळी वेगळं असं काही नव्हतं. ती ओट्याशी भांडी घासत होती. बाहेर डबा खुळखुळला. “चला बायांनो.” मग दार लोटल्याचा आवाज. मग थोडा वेळ काहीच नाही. मग कर्रकन काहीतरी वाजलं. तिला वाटलं, शेजारच्यांचं फाटक असेल.

भांडी झाली. बादली उचलली, तेवढ्यात आत फोन वाजला. ताईचाच असणार. घाईत ती खड्ड्याकडे गेली, येताना रिळाला दोन बोटं लावली. रीळ जड लागलं. जड सुरू झालं आणि हलकं थांबलं. तिच्या बोटांना ते कळलं. बोटांनी तिला सांगितलंही असेल. पण तिचं मन फोनकडे होतं. हवा दमट आहे, लाकूड फुगलं असेल, एवढं मनात येऊन गेलं, आणि ती आत धावली.

मध्यरात्रीनंतर कधीतरी अण्णांनी तिच्या दारावर टकटक केली. म्हणाले, सूनबाई, कोंबड्या ओरडतायत. तिला झोपेत पंखांची फडफड ऐकू आल्यासारखी वाटली होती. पण कोल्हा आला की कोंबड्या ओरडतातच. बाहेर फिरून, हुंगून तो निघून जातो. दार लागलेलं असलं म्हणजे झालं. आणि दार तर तिनं स्वतःच्या हातानं लावलं होतं.

“दार लावलंय, अण्णा. झोपा तुम्ही.”

ते थोडा वेळ दाराबाहेर उभे राहिले. मग त्यांच्या चपलांचा आवाज त्यांच्या खोलीकडे गेला. सुनेचा शब्द त्यांनी मानला.

सकाळी दार सताड उघडं होतं. कोल्ह्यानं काही मोडलं नव्हतं, काही उकरलं नव्हतं. एक कोंबडी आणि कोंबडा तो घेऊन गेला होता. बाकीच्या दहा तिथेच होत्या. भूक होती म्हणून मारल्या असत्या तर एक वेळ समजलं असतं. पण त्यानं एकेकीची मान चावून टाकून दिली होती. लंगडी दाराशी पडली होती. पळायला निघाली असावी. काळी कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून. मास्तरीण तेवढी जिवंत होती. डोळे उघडे, पाय हलेनात. सूनबाईनं तिला ओंजळीत घेतलं. ती तिच्या ओंजळीतच गेली. पिसं ओलसर आणि अजून गरम होती.

आतल्या बाजूला जीभ उभी होती. सरळ उभी.

आणि तेव्हा सूनबाईला एकामागून एक सगळं आठवलं. दार लोटल्यानंतरची शांतता. कर्रकन झालेला आवाज. शेजारच्यांचं फाटक लोखंडी होतं, ते तसं कधीच वाजत नव्हतं. बोटांना लागलेलं जड रीळ. अण्णांनी त्या दिवशी दार लावलं होतं. लावून ओढूनही बघितलं होतं. तीन महिन्यांत पहिल्यांदा. आणि तिनं ते उघडून ठेवलं.

ती तिथेच ओल्या मातीत बसली. नवरा कामावरून आला, त्यानं बघितलं, आणि फावडं आणायला गेला. अण्णा मागच्या दारात उभे होते. अंगात बनियन, हातात दाण्यांचा डबा. ते म्हणाले, “मी फिरवलं होतं. ओढूनही बघितलं होतं.”

नवरा थकलेला होता. तो चिडला नाही, आणि तेच वाईट झालं. हळू, समजावल्यासारखा म्हणाला, “अण्णा, जीभ उभी आहे. बघा ना तुम्हीच.”

अण्णा पुढे आले. वाकून जीभ बघितली. बोटानं चाचपली. स्वतःच्या हातानं घडवलेली वस्तू होती ती, तिच्याशी वाद घालणं त्यांना शक्य नव्हतं. बराच वेळ वाकून राहिले. मग म्हणाले, हो, उभी आहे.

त्या वेळी बोलायला हवं होतं. तोंडापर्यंत आलेलं तिनं गिळलं. आता नवऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही, संध्याकाळी सांगू, असं स्वतःला समजावलं. दोघांनी मिळून नाल्याकाठी खड्डा केला. मग ती एकटीच ब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन खुराडं धुवायला बसली. दाराच्या चौकटीवर रक्ताचे शिंतोडे होते, आणि त्यांच्याखाली काहीतरी लिहिलेलं होतं. सुतारी पेन्सिलीनं, जाड, अण्णांच्या त्या वळणदार अक्षरात. ‘फिरव. ओढ.’ ताजं होतं. आदल्या दिवशीच लिहिलं असणार. स्वतःचं विसरणं त्यांच्या लक्षात आलं होतं, आणि त्यांनी आपल्यापुरता त्यावर उपाय केला होता. कुणाला न सांगता. सुनेला कळू नये म्हणून.

तिच्या हातात ब्रश होता. त्या दोन शब्दांच्या भोवतालचं रक्त काढून ते शब्द तसेच ठेवता आले असते. नवऱ्याला बोलावून दाखवता आले असते. तिचा हात थांबला नाही. घासता घासता ती अक्षरंही गेली.

संध्याकाळी सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी ताईचा फोन झाला. तिसऱ्या दिवशी नवरा म्हणाला, की रविवारी सोडून येतो. सूनबाई एवढंच म्हणाली, थोडे दिवस थांबलं असतं. नवरा म्हणाला, “आज कोंबड्या मेल्या. उद्या शेगडी राहिली तर तू मरशील.” यावर तिच्याकडे उत्तर होतं. पण त्या उत्तराला खूप मोठं तोंड लागलं असतं. रोज सकाळी देवापुढे हात जोडायची तिची सवय. त्या आठवड्यात हात जोडले जायचे, पुढचे शब्द यायचे नाहीत. काय मागायचं? चूक दुसऱ्याच्या नावावर राहू दे, असं का कुणी मागतं?

रविवारी अण्णांची एक बॅग भरली. सामान फार नव्हतंच. जाताना ते मागच्या अंगणात गेले, रिकाम्या खुराड्याचं दार लोटलं, फिरवलं, ओढलं. मग सुनेजवळ येऊन उभे राहिले. म्हणाले, “सूनबाई, माझ्या हातून झालं गं. तू एवढ्या मायेनं वाढवल्या होत्यास. मनात ठेवू नकोस.”

ती म्हणाली, “असू द्या, अण्णा.”

कोल्हा आला त्या रात्री त्यांनी तिचं दार वाजवलं होतं, हे त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं, की लक्षात असूनही ते बोलले नाहीत, हे तिला कधीच कळलं नाही. पण ‘असू द्या’ हे तिला पुरतं आठवत राहिलं. स्वतःच्या चुकीची माफी तिनं त्यांना देऊन टाकली होती.

तीन आठवड्यांनी ती ताईकडे गेली. दोन बस बदलून, मग चार जिने. दार उघडताच ताईनं आधी हुश्श केलं, मग तिला आत घेतलं. ताई वाईट नव्हती. कापडाच्या कारखान्यात सकाळी सहाची पाळी, दोन मुलं शाळेत, नवरा महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. तिनं अण्णांना स्वच्छ ठेवलं होतं, दाढी केलेली होती, खोलीत पंखा होता. पण खोलीच्या दाराला बाहेरून कडी होती. नवी, चकचकीत, बाजारची. स्क्रूच्या भोवती लाकडाचा भुसा अजून तसाच होता.

सूनबाईची नजर तिथे गेलेली ताईनं बघितली. मग तिनं आपणहून सगळं सांगितलं. दिवस मावळला की अण्णा बाहेर पडतात. जिन्यातल्या प्रत्येक घराची मूठ फिरवतात आणि दार ओढून बघतात. खालपासून वरपर्यंत, बारा दारं. पहिल्यांदा लोक हसले. मग तक्रारी आल्या. गेल्या आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरचा नवीन भाडेकरू त्यांना चोर समजला आणि त्यानं धक्का दिला. चार पायऱ्या घसरले. “मी तरी काय करू, वहिनी? मला पाचला उठायचं असतं. ही लावली नाही तर मला रात्रभर झोप लागत नाही.”

“त्यांना सांगितलंस, बाहेरून लावतेस म्हणून?”

“सांगायला कशाला हवं? सुतार आहेत ते. आवाजावरून कळतं त्यांना.”

अण्णा पलंगावर बसले होते. कपाळावर हिरवा-पिवळा डाग. सुनेला ओळखलं, पण ओळखल्याचा आनंद चेहऱ्यावर आला नाही. ती जवळ बसली. घरातल्या चार गोष्टी सांगितल्या, बेकरीवाल्यानं विचारलंय म्हणाली. ते ऐकत होते. बाहेर उजेड कमी होऊ लागला, तसा त्यांचा उजवा हात मांडीवर हलू लागला. दोन बोटं, पाव फेरा. मग ओढल्यासारखं. पुन्हा पाव फेरा.

“मला वाटायचं, मी फिरवलं होतं,” ते म्हणाले. “वाटायचं काय, हाताला आठवतं. पण सगळे म्हणतात नाही फिरवलं. म्हणजे नसेलच.” मग हाताकडे बघून म्हणाले, “याचा काही भरवसा राहिला नाही आता.”

तिनं तोंड उघडलं. दारात ताई उभी होती, हातात चहाचे कप, मागे दोन्ही मुलं डोकावत होती. सूनबाईच्या घशातून एवढंच आलं, की चहा घ्या अण्णा. आणि आपल्या त्या आवाजाची तिला किळस आली.

निघताना जिन्यात ती क्षणभर थांबली. मागे कडी सरकल्याचा आवाज झाला. मग आतून मूठ फिरली. दार ओढलं गेलं, आणि हललं नाही. पुन्हा फिरली. पुन्हा ओढलं. चौथ्या जिन्यावरून खाली येईपर्यंत तिला तो आवाज ऐकू येत होता. खालच्या पायरीवर तिला सासूबाईंची आठवण झाली. त्या जे सांगून गेल्या, त्यातलं एकही तिच्याकडून धड झालं नव्हतं. ओढून बघ म्हणाल्या, ती ओढायची थांबली. दार त्यांच्याकडे राहू दे म्हणाल्या, आणि आता दाराच्या आत तेच होते.

त्या रात्री ती झोपली नाही. सकाळी सातला नवरा आला, हातपाय धुऊन ताटावर बसला. ती समोर बसली आणि पहिल्यापासून सांगितलं. शब्द दिला ते, पाण्याची बादली, तीन महिने, जड रीळ, दारावरची टकटक, ताईकडची बाहेरून लावलेली कडी. पेन्सिलीची अक्षरं आपण घासून टाकली, तेही सांगितलं. नवऱ्याचा घास हातातच राहिला.

“आणि मी त्यांना जीभ दाखवली,” तो म्हणाला. “वाकायला लावून दाखवली.”

मग त्यानं ताट बाजूला सारलं. तो बोलला ते फार लागणारं होतं, आणि ती त्याला तोंड द्यायला बसली होती, म्हणून ऐकत राहिली. तो म्हणाला, की तू माझ्या बापाला तुरुंगात घातलंस. म्हणाला, की त्यांचं विसरणं काही खोटं नाही, आज नाही तर उद्या हे होणारच होतं, मग आता सांगून काय मिळवलंस, कोंबड्या परत येणार आहेत का. शेवटी म्हणाला, ताई त्यांना परत पाठवणार नाही, आणि मी रात्री घरात नसतो, मी कशाच्या जोरावर मागू.

“तुम्ही नका मागू. मी जाते.” ती म्हणाली. “त्यांनी दार लावलं होतं, एवढं मला त्यांच्या तोंडावर सांगायचंय. ताईसमोर सांगायचंय. मुलांसमोर पण. आणल्यावर शेगडी मी बघेन. दार तेच लावतील.”

“आणि विसरले तर?”

“तर त्यांच्यादेखत ओढून बघेन.”

नवरा उठून मोरीत हात धुवायला गेला. पाणी बराच वेळ वाहत राहिलं. तो हो म्हणाला नाही, नको म्हणाला नाही. आत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. झोपला नव्हता, हे त्याच्या पाठीवरून कळत होतं.

तिनं ताट उचललं, घासून ठेवलं. त्याच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला. मग मागच्या अंगणात गेली. खुराडं कोरडं पडलं होतं. जाळीला एक काळं पीस अडकून हलत होतं. चौकटीवर, जिथली अक्षरं तिनं घासली होती, तिथलं लाकूड बाकीच्यापेक्षा पांढरं दिसत होतं. पलीकडच्या गल्लीतल्या परटिणीकडे दोन तलंगा, नुकत्या वाढलेल्या कोंबड्या, होत्या. संध्याकाळपर्यंत त्या उसन्या मागायच्या, असं तिनं मनाशी ठरवलं. संध्याकाळपर्यंत अण्णा आले तर. आले नाहीत, तर उद्या पुन्हा जायचं.

तिनं दार लोटलं, रीळ फिरवलं आणि ओढून बघितलं. बिजागरी कर्रकन वाजली. घरातून कुणी विचारलं नाही, कोण आहे म्हणून.

कोनाड्यातला दाण्यांचा डबा तिनं पिशवीत घातला, खुळखुळू नये म्हणून टॉवेलात गुंडाळून. पायात चपला सरकवल्या, पुढचं दार हळूच लोटून घेतलं, आणि पहिल्या बसच्या थांब्याकडे चालू लागली.